१९४४ ला मराठा पलटण इटलीत होती की मणिपूरला?

गडकोट: यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) इटलीतल्या लढाईसाठी मिळाला असं वाचलं, पण मराठा लाइट इन्फन्ट्री तर त्याच वर्षी मणिपूरला जपान्यांशी लढत होती ना, मग नक्की खरं काय?

कोकणीपोरगा: दोन्ही खरं भावा, बटालियन वेगळ्या. मार्च ४४ ला मणिपूरमधल्या सांगशाकला चौथी बटालियन होती, पॅराशूट ब्रिगेडसोबत, पाण्याचे हाल, दारूगोळा संपत आलेला, तरी जपान्यांना काही दिवस अडवलं म्हणून कोहिमा-इंफाळला तयारीला वेळ मिळाला. घाडगे तिसरीचे. १० जुलैला इटलीतल्या टायबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच शहीद झाले.

फौजीनातू: तिसरी त्याआधी ४१ ला आफ्रिकेत एरिट्रियात, केरेनला पण लढलीये. आपण मात्र हिटलर-चर्चिलच करत बसतो.

गडकोट: बाप रे! माणगावला पुतळा आहे तो यांचाच का?

कोकणीपोरगा: हो, त्यांचाच.