नावापुरता राजा असला तरी तो काढायला पाहिजे का? (भावाच्या कॅनडाच्या शपथेवरून)

इंदोऱ्याचा_भाऊ

राजेहो, बरेच दिवसांपासून डोक्यात आहे म्हणून विचारून राहिलो. माझा लहान भाऊ ब्रॅम्प्टनला असते, मागच्या महिन्यात त्याला कॅनडाचं नागरिकत्व मिळालं. शपथेचा कार्यक्रम हॉलमध्ये होता, त्याच्या बायकोने फोनवर लाइव्ह दाखवला, तिकडे सकाळचे दहा अन् इकडे संध्याकाळचे साडेसात. आईने दीक्षाभूमीवर जाताना नेसते ती पांढरी साडी नेसली होती, शेजारच्या दोन मावश्या बोलावून ठेवल्या होत्या, पेढे आणले होते. आणि मग सगळे उजवा हात वर करून म्हणायला लागले की मी राजे चार्ल्स तिसरे, कॅनडाचे राजे, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी एकनिष्ठ राहीन. इंग्रजीत झालं, मग तेच फ्रेंचमध्ये.

आईला इंग्रजी येत नाही पण 'किंग चार्ल्स' तिला बरोबर समजलं. मला म्हणे काय म्हणाला तो? मी सांगितलं. तर म्हणते, "वारस म्हणजे त्याचे पोट्टे? नातू? जे अजून जन्मलेच नाही तेही?" मी हो म्हटलं. ती काहीच बोलली नाही, पेढेही सगळ्यांना दिले, पण ते तिला लागलं हे मला दिसलं. आपल्याकडे आमदार खासदार शपथ घेतात ती संविधानाबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन अशी असते, माणसाच्या नावाने नाही, आणि आमच्या घरात ही गोष्ट साधी नाही.

भाऊ म्हणते की काही फरक नाही पडत, राजा नावापुरता आहे, सरकार लोकांनी निवडलेलं आहे. ब्रिटन अन् कॅनडा धरून आजही एकूण १५ देशांचा तोच राजा आहे. तर मला खरंच समजून घ्यायचं आहे, राजा काहीच करत नसेल तर त्याला काढायचा खटाटोप कशाला? आणि काहीच करत नसेल तर ठेवायचा तरी काहून?

सिव्हिल_लाइन्स_वकील

भाऊ, तुमच्या आईंचा प्रश्न फार नेमका आहे. पण मी दुसऱ्या टोकाकडून येतो. राजा रोज काय करतो ते बघू नका, सरकार अडकल्यावर शेवटची सही कोणाची असते ते बघा.

एकाच वर्षातली दोन उदाहरणं देतो. २५ जून १९७५ च्या रात्री आपल्या राष्ट्रपतींनी, फखरुद्दीन अली अहमद यांनी, आणीबाणीच्या कागदावर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली आणि झालेल्या गोष्टीला मान्यता देऊन मोकळी. म्हणजे आपण प्रजासत्ताक, राष्ट्रपती निवडलेला, तरी सही झाली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियात गव्हर्नर जनरल, म्हणजे राणीचे तिथले प्रतिनिधी, जॉन कर यांनी निवडून आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना घरी पाठवलं. सिनेटने बजेट अडवून ठेवलं होतं हे कारण, आणि विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना काळजीवाहू पंतप्रधान केलं. कर यांचं नाव राणीला सुचवलं होतं ते व्हिटलम यांनीच.

म्हणजे एका ठिकाणी राष्ट्रपतीने प्रश्नच विचारला नाही, दुसऱ्या ठिकाणी राणीच्या प्रतिनिधीने निवडलेलं सरकार पाडलं. खुर्चीचं नाव काय आहे यावर हे थांबत नाही.

फरक पुढे काय झालं त्यात आहे. आपण १९७८ ला ४४ वी घटनादुरुस्ती केली, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करू शकत नाहीत असं संविधानाच्या कलम ३५२ मध्ये लिहूनच टाकलं. ऑस्ट्रेलियात कर यांनी वापरलेले अधिकार आजही रूढीवरच चालतात, नक्की कधी वापरायचे अन् कधी नाही हे कुठेच लिहिलेलं नाही. कर आणि राणीच्या सचिवाची पत्रं सुद्धा लोकांना २०२० मध्ये वाचायला मिळाली, जेनी हॉकिंग या इतिहास अभ्यासक बाईंना त्यासाठी तिथल्या सर्वोच्च कोर्टापर्यंत जावं लागलं, कारण ती खाजगी पत्रं आहेत असं म्हणणं होतं. देशाचं सरकार पडलं त्याचा पत्रव्यवहार खाजगी! राजेशाहीबद्दल माझा खरा आक्षेप हा आहे. खर्च, बग्गी, मुकुट ते सगळं नंतर.

नागपूर_टू_कॅल्गरी

मी पण ही शपथ घेतली आहे, २०२३ मध्ये. लागलं होतं मलाही, खोटं नाही सांगत. पण इकडे राहून काही गोष्टी समजल्या त्या सांगतो.

एक तर २०१४ मध्ये ओंटारियोच्या अपील कोर्टात याच शपथेवर केस झाली होती, कोर्टाने सांगितलं की ही शपथ माणसाला नाही, घटनात्मक राज्यव्यवस्थेला आहे, राजा तिचं प्रतीक. क्यूबेकने २०२२ च्या डिसेंबरमध्ये आपल्या आमदारांसाठी राजाची शपथ ऐच्छिक करून टाकली. म्हणजे इकडचे लोकही गप्प बसून नाहीत.

पण काढायचं कसं? १९८२ च्या घटनेच्या कलम ४१ प्रमाणे संसदेची दोन्ही सभागृहं आणि दहाच्या दहा प्रांतांच्या विधानसभा, सगळ्यांचा होकार पाहिजे. एक प्रांत नाही म्हणाला की संपलं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथले मूळ रहिवासी, फर्स्ट नेशन्स, त्यांचे जमिनीचे करार राजगादीशी झालेले आहेत, त्यांचे जमिनीचे हक्क मान्य करणारा १७६३ चा शाही जाहीरनामा ते आजही दाखवतात. त्यांच्यातले बरेच जण म्हणतात आम्ही ओटावाच्या म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारशी नाही, क्राउनशी म्हणजे राजगादीशी बोललो होतो, उद्या क्राउन गेला तर तो शब्द कोण पाळणार? आपल्याकडे गोंड राजांचं काय झालं ते आठवा, आपलं नागपूर गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलं आणि आज गोंड माणसाला स्वतःच्या जंगलाच्या पट्ट्यासाठी चकरा माराव्या लागतात. त्यामुळे मी घाईने 'काढून टाका' म्हणत नाही. आधी ते करार नव्या घटनेत पक्के लिहा, मग राजा काढा.

आणि २०२५ च्या मे मध्ये राजा स्वतः येऊन संसदेचं उद्घाटन करून गेला, तेव्हा अमेरिकेकडून कॅनडाला आपलं '५१ वं राज्य' करायची भाषा चालू होती. कधी राजाचं नाव न काढणारे माझ्या ऑफिसमधले लोक त्या दिवशी टीव्हीसमोर उभे होते. आम्ही अमेरिका नाही हे सांगायला त्यांना तेवढंच हाताशी होतं.

महालवाली_ताई

मी इतिहास शिकवते, नागपूरच्या महाल भागातच जन्मले, म्हणून आपल्या गावाचं बोलते.

नागपूरचं राज्य का गेलं? लढाई हरलो म्हणून नाही, सीताबर्डीची लढाई १८१७ ला झाली त्यानंतरही गादी होती. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजीराजे वारले, पोटी मुलगा नव्हता, डलहौसीने दत्तक मान्य केला नाही आणि १८५४ ला अख्खा मुलूख खालसा. लाखो लोकांचं राज्य एका घरात मुलगा झाला की नाही यावर टांगलेलं होतं! वाड्यातले दागिने, हत्ती, घोडे लिलावात गेले. मी दरवर्षी हे वर्गात शिकवते तेव्हा मुलं डलहौसीला शिव्या देतात, बरोबरच आहे, पण मी त्यांना पुढचं विचारते की राज्य लोकांच्या नावावर असतं तर डलहौसीने कोणाच्या मुलाचं कारण काढलं असतं? भावाच्या आईंनी 'वारस' या शब्दावर बोट ठेवलं ना, ते हेच आहे. वारसावर चालणारं राज्य वारसाशिवाय मरते.

आणि मग राणी आली. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं तोच दिवस, म्हणून नाव एम्प्रेस. बाबांच्या पितळी बिल्ल्यावर ते नाव होतं, मी लहानपणी अंगठ्याने घासून चमकवायची आणि ते माझ्या बाबांच्या कंपनीचं नाव आहे एवढंच मला माहीत होतं. ती कोणाची सम्राज्ञी, कोणी विचारलं होतं का आपल्याला, हे खूप उशिरा कळलं. नावापुरतं असते ते असं मुरते.

रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून आपल्या सरकारने घेतली तेव्हा मला रडू आलं, त्यात मला काही वावगं वाटत नाही. तलवार संग्रहालयात पाहिजेच. गादी नको.

इंदोऱ्याचा_भाऊ

ताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं. वकीलसाहेब, एक शंका आहे, काढायचंच ठरलं तर राजाच्या जागी बसवायचं कोणाला? थेट लोकांनी निवडायचा की संसदेने? मला तं वाटते लोकांनी.

सिव्हिल_लाइन्स_वकील

ऑस्ट्रेलियाचं गाडं इथेच अडलं. ६ नोव्हेंबर १९९९ च्या सार्वमतात प्रस्ताव होता की संसदेने दोन तृतीयांश मतांनी राष्ट्राध्यक्ष निवडावा. ज्यांना थेट निवडणूक पाहिजे होती अशा कित्येक प्रजासत्ताकवाल्यांनीच विरोधात मत टाकलं, जवळपास ५५ टक्के 'नाही', सहापैकी एकही राज्य बाजूने नाही. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस देशाने उलट केलं, ३० नोव्हेंबर २०२१ ला संसदेतूनच बदल केला, गव्हर्नर जनरल सँड्रा मेसन होत्या त्याच पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, सार्वमत नाही. काम झालं, पण लोकांना विचारलं नाही हे मला खटकते.

तुमच्या शंकेचं सांगतो. लोकांनी थेट निवडलेला माणूस म्हणणार की मलाही जनादेश आहे, आणि पंतप्रधानाशी त्याची जुंपणार. आपल्याकडे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना स्पष्ट सांगितलं होतं की आपल्या राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं, तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो पण राज्य करत नाही. खुर्ची तीच ठेवली, फक्त तिच्यावर जन्माने बसायची सोय काढून टाकली. म्हणून आपल्याकडे खासदार आणि आमदार मिळून निवडतात. मी तरी हेच सुचवीन, सोबत त्याचे अधिकार एकेक करून लेखी, पदावरून काढायची पद्धत लेखी, आणि त्याचा पत्रव्यवहार किती वर्षांनी खुला होणार तेही लेखी.

इंदोऱ्याचा_भाऊ

हे पटलं. थेट निवडणुकीचं मी मागे घेतो. कॅल्गरीवाले भाऊ, ते फर्स्ट नेशन्सच्या करारांचं सोपं वाचायला कुठे मिळेल ते सांगा, माझ्या भावाला पाठवतो. तो आता तिकडचा मतदार आहे, त्याला हे माहीत पाहिजे. आई म्हणते त्याची शपथ झाली ती झाली, पण नातीला तिथल्या शाळेत काय शिकवतात ते विचार.