मुरुमांनंतर राहिलेले काळे डाग: आपापले अनुभव लिहाल का?

माहीमकर

काल माझ्या भाचीने अकरावीच्या प्रवेशासाठी दादरला स्टेशनजवळ फोटो काढून घेतला आणि फोटोवाल्याने तिला न विचारताच तिच्या गालांवरचे सगळे डाग संगणकावर पुसून दिले. घरी आल्यावर तो फोटो हातात धरून ती बराच वेळ आरशासमोर उभी होती. "मावशी, खरे डाग कधी जातील?" असे तिने विचारले आणि मला माझी कॉलेजची वर्षे आठवली. माझे मुरूम तोवर बरे झाले होते, पण डाग राहिले होते, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा होईपर्यंत त्यांवर एखादा उपाय सांगून जात असे.

तेव्हा एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला जे समजावले, तेच मी तिला सांगितले. मुरुमाच्या जागी दाह झाला की त्वचेतल्या रंगपेशी चेतवल्या जातात आणि नेहमीपेक्षा जास्त मेलॅनिन तयार करतात. मुरूम बसतो, रंग मात्र मागे राहतो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत हे अधिक ठळकपणे घडते. रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि बहुधा काही महिन्यांत फिकट होतो. खालच्या थरात उतरला असेल तर तो राखाडी-निळसर दिसतो आणि जायला वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ घेतो. बोट फिरवल्यावर खड्डा किंवा उंचवटा लागत नसेल तर त्वचेची घडण शाबूत आहे, एवढे कळल्यावरच माझा अर्धा घोर गेला होता. बाईंनी माझ्याकडे दोनच कामे सोपवली होती: नवे मुरूम येऊ द्यायचे नाहीत आणि डागांवर ऊन पडू द्यायचे नाही. माझे डाग त्यानेच गेले, फार सावकाश गेले, आणि ही सावकाशीच सोळा वर्षांच्या मुलीला पटवून देणे सर्वांत कठीण आहे. आपण काय केलेत आणि काय टाळलेत, ते कृपया लिहा. मी तिला वाचून दाखवणार आहे.

विरार-चर्चगेट

उन्हाबद्दल लिहिलेत ते अगदी खरे आहे. मी रोज लोकलमध्ये डाव्या खिडकीशी बसते. सकाळी दक्षिणेकडे जाताना पूर्वेचे ऊन त्याच बाजूने येते आणि संध्याकाळी परतताना पश्चिमेचे ऊनही डावीकडूनच येते, त्यामुळे माझ्या उजव्या गालावरचे डाग विरून गेले तरी डाव्या गालावरचे तसेच होते. हे डॉक्टरांच्या लक्षात आले, माझ्या आले नव्हते. तेव्हापासून एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके, बाहेर पडण्यापूर्वी लावते, आणि बाहेर असेन तर दर दोन तासांनी पुन्हा लावते, कारण मुंबईच्या घामात ते फार वेळ टिकत नाही.

ठाणेकर आई

कुकर लावला आहे तेवढ्यात लिहिते. माझा मुलगा अभ्यास करता करता हनुवटीवरचे मुरूम नखांनी फोडत असे आणि फोडलेल्या प्रत्येक मुरुमाचा डाग इतरांपेक्षा गडद राहत असे. "मुलाला कसले आले डागांचे?" असे घरातले म्हणत, पण तो शाळेच्या स्नेहसंमेलनाला जायचे टाळू लागला तेव्हा मी त्याला डॉक्टरांकडे नेले. मुलग्यांनाही याचा त्रास होतो आणि ते बोलून दाखवत नाहीत, हे इथे आवर्जून लिहावेसे वाटले. रात्री मुरुमांवर लावायला ॲडापॅलीन नावाचे औषध दिले होते. त्याचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात हे त्यांनी आधीच सांगितल्यामुळे त्याने ते मध्येच सोडले नाही.

औषधाच्या काउंटरवरून

मी उपनगरातल्या एका औषधाच्या दुकानात काम करते आणि या विषयावर रोज कोणी ना कोणी माझ्यासमोर उभे असते. "मैत्रिणीने लावली ती ट्यूब द्या, आठ दिवसांत चेहरा उजळतो," असे म्हणून ज्या मलमांची मागणी होते, त्यांपैकी अनेकांत स्टेरॉइड असते, आणि काहींत त्याच्या जोडीला रंग फिकट करणारे हायड्रोक्विनोन व मुरुमांवरचे ट्रेटिनॉइनही असते. स्टेरॉइडने दाह दबतो आणि रंग उतरतो, म्हणून पहिले काही दिवस ते चमत्कारासारखे वाटते. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, नवे मुरूम उठतात आणि मलम थांबवले की चेहऱ्याची आग होते. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. मी नाही म्हटले की मुली रागावतात आणि दुसऱ्या दुकानाकडे वळतात. त्यांना तिथे ती मिळू नये असे मला मनापासून वाटते. माहीमकर, भाचीला एवढे नक्की सांगा की ट्यूबवर नावाच्या शेवटी 'सोन' असलेला घटक दिसला, उदाहरणार्थ मोमेटासोन किंवा बीटामेथासोन, तर ती चेहऱ्यावर लावण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

गिरगावची मावसबहीण

काउंटरवरच्या ताई, तुमच्यासारखी व्यक्ती आमच्या गल्लीत असती तर किती बरे झाले असते. माझ्या मावसबहिणीला अशीच ट्यूब एका दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळत गेली आणि लग्न ठरले तेव्हा तिला ऊन तर सोडाच, साधे पाणीही चेहऱ्यावर झोंबत होते. स्टेरॉइड एकदम थांबवल्यास त्रास उसळतो, म्हणून डॉक्टरांनी ते हळूहळू कमी केले. मुरुमांचे मूळ डाग तोवर कधीच फिकट झाले होते. एवढे सोसले ते उपायामुळे. आता ती बरी आहे आणि हे मी तिला विचारूनच लिहीत आहे.

कोकणातून मुंबईत

आमच्याकडे लिंबाचा रस लावायची पद्धत आहे आणि तिच्याबद्दल मला काळजी वाटते. लिंबाच्या आम्लाने त्वचा चुरचुरते, पुन्हा दाह होतो आणि त्या दाहाचाच नवा डाग पडतो. त्यातच रस लावून उन्हात गेले तर फोड येऊन आणखी गडद चट्टे उठू शकतात. मसूरडाळीचे उटणे खसाखसा घासण्याचेही तेच. आजीचे उटणे मला प्रिय आहे आणि दिवाळीत मी ते अंगाला लावतेच, परंतु डाग घासून निघत नाहीत, कारण रंग पृष्ठभागावर नसून पेशींच्या आत असतो. आणखी एक गोष्ट तपासून पाहा: कपाळावरचे मुरूम थांबतच नसतील तर केसांचे तेल रात्री कपाळावर उतरते का? माझ्या मुलीचे मुरूम तेल कमी केल्यावर आटोक्यात आले.

विरार-चर्चगेट

तेलाचे आमच्याकडेही तेच झाले! कोणी सांगाल का, सनस्क्रीनचा पांढरट थर सावळ्या चेहऱ्यावर दिसू नये म्हणून काय करावे? त्या थरामुळेच माझी धाकटी जाऊ ते लावत नाही.

औषधाच्या काउंटरवरून

त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन घ्यायला सांगा. त्यात आयर्न ऑक्साइड असते, त्यामुळे थर पांढरा दिसत नाही, आणि ते नुसत्या अतिनील किरणांनाच नव्हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवते. सावळ्या त्वचेवरचे डाग या दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, म्हणून डागांसाठी ते अधिक उपयोगी पडते.

बाळंतपणानंतर

गरोदरपणात मला हनुवटीवर पुष्कळ मुरूम आले आणि त्यांचे डाग राहिले. ॲडापॅलीन, ट्रेटिनॉइन यांसारखी रेटिनॉइड गटातली औषधे त्या काळात टाळायची असतात, त्यामुळे माझ्या डॉक्टरांनी ॲझेलेइक ॲसिड दिले. ते मुरूम आणि डाग या दोन्हींवर काम करते आणि साधारणपणे गरोदरपणातही वापरता येते. सुरुवातीला थोडी खाज सुटत असे, ती पुढे थांबली. ज्या बहिणी बाळाचा विचार करत आहेत त्यांनी चेहऱ्याच्या मलमाबद्दलही डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण लावायच्या औषधाबद्दल विचारायचे असते हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

हळदीच्या आधी

माझे लग्न डिसेंबरात आहे आणि एका पार्लरमध्ये मला महिन्याभरात डाग घालवणारे तीव्र पील, म्हणजे रसायन लावून त्वचेचा वरचा थर काढणे, सुचवले. मी ते घेण्याआधी महापालिकेच्या रुग्णालयातील त्वचा विभागात गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की गडद त्वचेवर फार जोरकस पील किंवा चुकीच्या मापाचे लेझर झाले, तर त्यामुळेच नवे डाग पडू शकतात, म्हणून पील करायचेच तर सौम्य, टप्प्याटप्प्याने आणि तज्ज्ञांच्या हातून करावे. डाग पूर्ण जाण्याआधी लग्न होईल, हे मी होणाऱ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगून टाकले. सासूबाई म्हणाल्या की त्यांच्या लग्नाच्या फोटोंतही कपाळावर डाग आहेत, आणि त्यांनी तो अल्बम काढून दाखवला.

माहीमकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. भाचीने सगळे प्रतिसाद स्वतः वाचले. तिने कपाटातून मैत्रिणीने दिलेली एक ट्यूब काढून आणली. तिच्यावर मोमेटासोन लिहिलेले आहे. चार-पाच दिवसच लावली होती असे ती म्हणते. काउंटरवरच्या ताई, सोमवारी आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे जात आहोत, तोवर ती लगेच बंद करावी की कसे, हे उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून विचारते. ठाणेकर आई, ॲडापॅलीनने सुरुवातीला तुमच्या मुलाची त्वचा कोरडी पडली होती का, तेही सवडीने लिहा.

ठाणेकर आई

हो, पहिले काही आठवडे सालपटे निघत होती. डॉक्टरांनी एक रात्र सोडून एक रात्र, मटारच्या दाण्याएवढेच आणि आधी मॉइश्चरायझर लावून, असे सांगितले, त्यानंतर ते सोसले. सोमवारी काय सांगितले ते नक्की कळवा.