हेमाडपंती म्हणून यादवकालीन?
भाऊ, तुम्ही लिहिलंत की साक्री तालुक्यातलं ते देऊळ हेमाडपंती आहे, म्हणून यादवकालीन. हेमाडपंती कशावरून, असं विचारलं तर म्हणता, यादवकालीन आहे म्हणून. मग पुरावा कुठे राहिला? चुन्याविना रचलेला काळा दगड दिसला की आपल्याकडे लगेच हेमाडपंत आठवतो. पण हेमाडपंत म्हणजे यादवांचा मंत्री हेमाद्री, तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि अंबरनाथचं शिवमंदिर, ज्याला लोक सर्रास हेमाडपंती म्हणतात, शिलालेखानुसार शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. दोनशे वर्षं आधीचं!

तुमचे तिन्ही संदर्भ नीट वाचले. तिन्हींत 'गर्भगृह'चं 'गर्भग्रह' झालंय, तेही त्याच वाक्यात. या तीन साक्षी नव्हेत हो, एकच मजकूर तीनदा उतरवलाय.

चाळीसगावजवळच्या पाटणे गावाचं बघा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला. तिथला शके ११२८ च्या दानाचा शिलालेख यादव राजा सिंघणाचं नाव स्वतःच सांगतो, शैलीवरून अंदाज बांधावा लागत नाही. तुमच्या देवळाच्या खांबांवर, चौकटीवर अक्षरं आहेत का? असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा आणि इथे टाका, आपण मिळून वाचू.