शब्दचर्चा : चेक 'तुनेलोवानी'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी

नमस्कार मंडळी. साम्यवाद गेल्यानंतरच्या प्रागवरचा एक मोठा लेख दिवाळी अंकासाठी मराठीत करतेय आणि एका शब्दापाशी तीन दिवस गाडी अडली आहे. शब्द चेक आहे : तुनेलोवानी. इंग्रजीवाल्यांनी तो सरळ उचलून 'टनेलिंग' केला आणि सुटले. मला तसं सुटता येत नाहीये.

शब्द कशासाठी आहे ते सांगते. 1991 मध्ये चेकोस्लोव्हाकियात सरकारी कारखाने लोकांना वाटून टाकायचं ठरलं. हजारेक क्राउन, म्हणजे साधारण आठवड्याचा पगार, भरला की कूपनांची वही मिळायची, वहीत 1000 गुण. ते गुण लावून हव्या त्या कंपनीचे शेअर घ्यायचे. पंच्याऐंशी लाखांच्या आसपास लोकांनी वह्या घेतल्या. आता चाळीस वर्षं शेअर हा प्रकारच न पाहिलेल्या माणसाला कुठली गिरणी चांगली हे काय कळणार? बहुतेकांनी आपले गुण गुंतवणूक फंडांच्या हवाली केले. मग फंड चालवणारे आणि कारखाने चालवणारे यांनी आतल्या आत माल, पैसा, जमीन आपल्याच दुसऱ्या कंपन्यांकडे वळवली. बाहेरून कारखाना उभा, आत काही नाही. या आतल्या आत वळवण्याला तुनेलोवानी म्हणतात.

माझे आतापर्यंतचे प्रयत्न : बोगदेबाजी (नवऱ्याने विचारलं, मेट्रोवर लेख आहे का?), लूट, भ्रष्टाचार, अफरातफर. एकही बसत नाही. सुचवा.

शेंद्रेकर

ताई, मी शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडात असताना ट्रेनिंगला त्यांच्या चेक कारखान्यात, म्लादा बोलेस्लावला, राहून आलोय. तिथल्या एका वयस्कर फोरमनच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आमची गाडी त्याच्या गावावरून जात होती. बाहेर काचा फुटलेली एक मोठी शेड दिसली. त्याने बोट दाखवलं आणि एकच शब्द म्हणाला, 'वितुनेलोवाना'. नंतर दोन्ही हातांनी भांडं खरवडून काढल्यासारखं करून दाखवलं. त्या हातवाऱ्यातच अर्थ आहे. त्यातला 'वि' म्हणजे पुरतं, पार तळापर्यंत. मराठीत आपण 'खाऊन टाकलं', 'विकून टाकलं' म्हणतो, त्यातल्या 'टाकलं'चं काम तो 'वि' करतो.

जाता जाता : स्कोडा या कूपनांच्या खेळात नव्हती. 1991 मध्येच फोक्सवॅगनने तिच्यात भागीदारी घेतली. म्हणून तो फोरमन नोकरीत राहिला आणि मला भेटला.

चौकट_मोडकी

पोखरणे! यात विचार करण्यासारखं काय आहे? कोकणातल्या आमच्या घराला दाराची सागवानी म्हणून घेतलेली चौकट होती. रंग शाबूत, कडीकोयंडा शाबूत, गणपतीला तोरणही लागायचं. एकदा खिळा ठोकायला गेलो तर अंगठा सरळ आत गेला. आतून नुसता भुसा. चौकट कोणी पळवली नव्हती, चौकट जागेवरच होती. तुमच्या प्रागच्या कारखान्यांचं तेच झालंय. पोखरून टाकले. शेंद्रेकरांचा 'टाकलं'ही आला.

वकीलकाका

पोखरणे चांगला आहे, पण त्याआधी 'भ्रष्टाचार' का बसत नाही ते बघू. अडचण तिथे आहे.

भ्रष्टाचार म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर टेबल येतं. टेबलाच्या त्या बाजूला सरकारी माणूस, या बाजूला आपण, मधून पाकीट. इथे टेबलच नाही. एक उदाहरण घ्या. कारखाना शंभर रुपयांना पडणारा माल ऐंशीला विकतो. घेणारी कंपनी कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या मेव्हण्याची. ती तोच माल बाजारात एकशे तीसला विकते. कारखान्याला दर नगामागे वीसचा खड्डा, मेव्हण्याला पन्नास. लाच कोणी घेतली? कोणीच नाही. कागद बघा : संचालक मंडळाचा ठराव आहे, करार आहे, सह्या आहेत, पावती आहे. न्यायालय कागद बघतं आणि कागद चोख आहेत. भाव वाजवी होता का, व्यवस्थापक दोन्हीकडून बसला होता का, हे विचारायला लागणारे नियमच तोकडे होते. बाहेरून कंपनी ताब्यात घेणाऱ्याने छोट्या भागधारकांचे शेअरही घेतले पाहिजेत, ही सक्ती त्यांच्या व्यापारी कायद्यात 1996 च्या दुरुस्तीने आली. शेअर बाजार प्रागमध्ये एप्रिल 1993 मध्ये सुरू झाला आणि त्याच्यावर नजर ठेवणारा स्वतंत्र आयोग एप्रिल 1998 मध्ये. मधली पाच वर्षं दुकान उघडं आणि गल्ल्यावर कोणी नाही. (आपली फुशारकी नको. आपल्या सेबीला कायद्याचे दात 1992 मध्ये आले आणि त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरण फुटलं.)

हे विसरभोळेपणाने झालं असंही नाही. अर्थतज्ज्ञांनी वकिलांच्या पुढे पळालं पाहिजे, नाहीतर खासगीकरण कधीच व्हायचं नाही, असं तिथे तेव्हा उघड म्हटलं जायचं. वकील या नात्याने मला या वाक्याचा राग येतो, पण माणूस म्हणून कळतं. मालकी लवकर बदलली नाही तर जुनी मंडळी परत येतील ही भीती खरी होती.

आता 'अपहार'. आपल्या फौजदारी कायद्याच्या मराठीत तो पक्का शब्द आहे, पण तो गुन्हा ठरलेल्या कृत्याचा शब्द आहे. चेक सरकारी वकिलांनी हे खटले 'दुसऱ्याची मालमत्ता सांभाळताना कर्तव्यभंग' अशा कलमाखाली लावले. ते आपल्या न्यासभंगाच्या जवळ जातं. बरेच खटले टिकले नाहीत. म्हणून लेखात 'अपहार' वापरलात तर कोर्टाने न दिलेला निकाल तुम्ही दिल्यासारखं होईल.

जुना_मॉस्कोकर

काका, तुमच्या 'भाव वाजवी होता का' वरून आठवलं. रशियात हेच उघड्यावर झालं. 1995 च्या शेवटी सरकारने बँकांकडून कर्ज घेतलं आणि तारण म्हणून मोठमोठ्या कंपन्यांचे शेअर ठेवले. लिलाव ज्या बँकेने भरवायचा तीच बोली लावणार! नॉरिल्स्क निकेलचे 38 टक्के 17 कोटी डॉलरच्या किमान किमतीच्या जेमतेम वर गेले. दुसऱ्या बँकेची दुपटीहून मोठी बोली होती, ती नियमात बसत नाही म्हणून बाजूला. लोकांनी त्या अख्ख्या काळाला शब्द दिला 'प्रिख्वातिझात्सिया'. प्रिवातिझात्सिया म्हणजे खासगीकरण आणि प्रिख्वातीत म्हणजे जाताजाता उचलून घेणं. एका अक्षरात काम तमाम.

अनुवाद करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा दाखवून ठेवतो. रशियन 'अर्बित्राझ्नी सूद' वाचून 'लवाद' लिहू नका. ती कंपन्यांमधले तंटे सोडवणारी पक्की सरकारी न्यायालयं आहेत. सोव्हिएत काळातल्या सरकारी तंटामंडळांचं नाव त्यांना चिकटून राहिलं, एवढंच. खऱ्या लवादाला ते 'त्रेत्येइस्की सूद' म्हणतात. त्यात 'त्रेती' म्हणजे तिसरा. आपला त्रयस्थ!

खवट_मनुका

खासगीकरणाला आपणही एक अक्षर घालू शकतो. खा-सगळीकरण. मानधन नको.

अनुवादिनी

खवट, हे मी चोरणार आहे, पण रशियावरच्या लेखात. चेक लेखाचा सूर गंभीर आहे.

'पोखरणे'वर माझं मन बसतंय. पण मला नाम हवंय, शीर्षकाला. आणि पोखरणेचं नाम 'पोखरण' केलं की वाचकाच्या कानात 1974 आणि 1998 चे धमाके होतात. 'पोखरणी' म्हणावं तर परभणीजवळचं नृसिंहाचं पोखर्णी आठवतं.

चौकट_मोडकी

पोखरणूक! वागणे-वागणूक, नेमणे-नेमणूक, पिळवणे-पिळवणूक, तसं पोखरणे-पोखरणूक. वर मोफत यमक : गुंतवणूक आणि पोखरणूक. शीर्षक झालं तयार.

बांधावरची

थांबा. मला 'पोखरणे' खटकतो आणि का ते नीट सांगते.

पोखरणारं कोण असतं? वाळवी, उंदीर, घूस, भुंगा. त्यांचा स्वभावच तो, त्यांच्यावर कोणी रागावत नाही. 2019 मध्ये चिपळूणकडचं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली, आणि मंत्र्यांनी सांगितलं की खेकड्यांनी धरण पोखरलं. आठवतंय? 'पोखरलं' हा शब्द तिथे कोणाच्या कामी आला ते बघा. ठेकेदार गेला, इंजिनिअर गेला, देखरेख गेली, उरला खेकडा. आता तुम्ही 'कारखाने पोखरले गेले' असं लिहिलंत की वाचकाला वाटणार, काळच तसा होता, कीड लागली, काय करणार.

चेक शब्दात असं होत नाही, कारण बोगदा आपोआप पडत नाही. बोगदा खणायला माणूस लागतो, आराखडा लागतो, आणि पलीकडच्या टोकाला माल उचलायला कोणीतरी उभं असावं लागतं. त्यांच्याकडे खणणाऱ्यालाही शब्द आहे, तुनेलार्श. अनुवादिनीताईंची बोगदेबाजी हसण्यावारी गेली, पण त्या शब्दात निदान दोन टोकं होती.

चौकट_मोडकी

हे मात्र खरं. माझ्या चौकटीच्या भुशाचं पलीकडे कोणी काही विकत नव्हतं.

वकीलकाका

बांधावरची, मुद्दा मान्य. मी आयुष्यभर आरोपपत्रं वाचली, त्यात कर्मणी प्रयोग दिसला की समजायचं, नाव लपवायचंय. पण हा दोष क्रियापदाचा आहे की प्रयोगाचा? 'कारखाना पोखरला गेला' यात कर्ता लपतो. 'संचालकांनी कारखाना पोखरला' यात लपत नाही.

शेंद्रेकर

माणसाचं नाव असलेली एक गोष्ट, तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली. व्हिक्टर कोझेनी. हार्वर्डमधून शिकून आला आणि 'हार्वर्ड' नावाचे फंड काढले. विद्यापीठाचा काडीचा संबंध नाही. टीव्हीवर जाहिरात : तुमची वही आम्हाला द्या, वर्ष आणि एक दिवसाने दसपट पैसे नक्की. त्या जाहिरातीनंतर वह्यांसाठी रांगा लागल्या. आठ लाखांहून जास्त लोकांनी आपले गुण या फंडांना दिले. साहेब पुढे बहामाला जाऊन राहिले. 2010 मध्ये प्रागच्या कोर्टाने त्यांच्या गैरहजेरीत दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

खवट_मनुका

आपल्याकडे दामदुप्पट, तिकडे दामदसपट.

वकीलकाका

विषयांतर, पण राहवत नाही. दामदुप्पट हे मुळात आमिष नव्हेच, ती आडकाठी आहे! व्याजाची थकबाकी मुद्दलाहून जास्त एका वेळी वसूल करता येत नाही, हा जुना धर्मशास्त्रातला नियम, मुंबई इलाख्यात कोर्टांनीही मानलेला. सावकाराला वेसण घालणारा शब्द जाहिरातदारांनी फिरवून ठेवीदाराला लावलेलं गाजर केला. शब्दही असे आतून पोखरता येतात, बाहेरचं अक्षर तेच.

बांधावरची

काका, हे वाक्य लिहून तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. 'जाहिरातदारांनी' म्हणालात, कर्ता दिलात, म्हणून ते चावलं.

जुना_मॉस्कोकर

तुनेलार्शला मराठी प्रतिशब्द : पोखऱ्या? लुबाड्या, भामट्या यांच्या पंगतीत बसेल.

बांधावरची

पोखऱ्या नको हो, बैलाचं नाव वाटतं.

अनुवादिनी

सगळ्यांचे आभार. आज रात्री मजकूर पाठवायचाय, तर ठरवलं ते असं. शीर्षकात 'गुंतवणूक आणि पोखरणूक'. 'पोखरणूक' पहिल्यांदा येईल तिथे चेक शब्दाचा बोगदाही एका ओळीत सांगते, म्हणजे पलीकडच्या टोकाला कोणीतरी उभं आहे हे वाचकाला कळेल. पोखऱ्या बाद. 'भ्रष्टाचार' फक्त जिथे खरंच पाकीट सरकलं तिथे, आणि 'अपहार' फक्त निकाल लागलेल्या खटल्यांत.

आणि मसुद्यात शोध घेतला. 'पोखरले गेले', 'पोखरली गेली' अशी अकरा वाक्यं निघाली. नऊ ठिकाणी कर्ता मूळ लेखातच होता, मीच वाक्य गुळगुळीत करण्याच्या नादात गाळला होता. तो परत घातला. उरलेल्या दोन वाक्यांत मूळ लेखकानेही कोणी पोखरलं ते सांगितलेलं नाही. त्याला मेल केलाय.