तोतरेपणा ‘स्वीकारणे’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. गेले काही महिने बोलताना त्याचं ‘मा-मा-मा-माझी’ असं होतं. कधी पहिल्याच अक्षरावर अडतो आणि डोळे घट्ट मिटून घेतो. घरात कोणी म्हणतं बोबडं बोलतोय, कोणी म्हणतं चाचरतोय. सासूबाई तर ‘तोतरा’ हा शब्दच काढू देत नाहीत. वाचायला घेतलं तर जिथे तिथे ‘स्वीकार’. तोतरं बोलणारी मोठी माणसं लिहितात की आम्ही ते स्वीकारलं आहे. या शब्दांत फरक काय? आणि इथे ‘स्वीकारणे’ कोणत्या अर्थाने घ्यायचं? काहीच करायचं नाही, असं?

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः तोतरं बोलतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोबडेपणा उच्चाराचा असतो. मूल ‘र’ला ‘ल’ म्हणतं, पण बोलण्याचा ओघ तुटत नाही. तोतरेपणात उच्चार येत असतो, काय म्हणायचंय तेही पक्कं ठाऊक असतं, तरी शब्द बाहेर पडत नाही. अक्षर पुन्हा पुन्हा येतं, नाहीतर ‘सऽऽसकाळी’ असं ताणलं जातं, नाहीतर आवाजच बंद होतो. ओठ मिटलेले, घसा आवळलेला, आणि आत शब्द तयार. बाहेरून हा प्रकार पटकन लक्षात येत नाही, पण दमवतो सगळ्यात जास्त. तुमचा मुलगा डोळे मिटतो ते बहुधा अडलेला शब्द ढकलण्यासाठी.

‘अडखळणे’ हा साधा शब्द, पायही अडखळतो. माझा राग आहे तो ‘चाचरणे’वर. चाचरतो कोण? ज्याला खात्री नाही, किंवा ज्याला काही लपवायचंय. बोबडी वळते ती घाबरलेल्याची. त-त-प-प होतं ते चोरी पकडली गेलेल्याचं. आणि चांगलं बोलणाऱ्याचं कौतुक करताना आपण म्हणतो ‘अस्खलित’, म्हणजे कुठेही न घसरणारं. फोनवर कोणी नाव विचारलं की मी हमखास अडतो, कारण बाकी शब्द बदलता येतात, स्वतःचं नाव बदलता येत नाही. पलीकडून विचारतात, ‘नाव आठवत नाहीये का?’ मी काहीतरी लपवतोय, असं त्यांनी तेवढ्यात ठरवून टाकलेलं असतं.

म्हणून मुलाबद्दल ‘चाचरतोय’ नको. ‘तोतरं बोलतो’ सरळ म्हणा. शब्द मुळात वाईट नाही, चिडवण्यासाठी वापरून वापरून तो वाईट झाला. (‘तोतरा’ की ‘तोतरं बोलणारा’, यावर आमच्यातही एकमत नाही. मला दुसरा बरा वाटतो.)

आता ‘स्वीकारणे’. आपल्याकडे हार पत्करतात, गुन्हा कबूल करतात, दोष चालवून घेतात. ‘स्वीकार’ म्हटलं की लोकांच्या मनात यातलंच काहीतरी येतं. पण आपण आव्हान स्वीकारतो, जबाबदारीही स्वीकारतो, आणि तिथे खरं काम स्वीकारल्यानंतर सुरू होतं. मला हा अर्थ जवळचा वाटतो. रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की लपवालपवी थांबवायची. ‘बुधवारी’ अडणार हे कळल्यावर जो ‘मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी’ म्हणतो, तो कोणाला तोतरा वाटत नाही. त्याची दमछाक मात्र दिवसभर चालू असते. जोसेफ शीहन हे मानसशास्त्रज्ञ स्वतः तोतरं बोलत. त्यांनी तोतरेपणाला हिमनग म्हटलं. ऐकू येतं ते वरचं टोक. लाज, भीती, टाळाटाळ सगळी पाण्याखाली. स्वीकार करायचा तो त्या खालच्या भागाशी संबंधित आहे.

प्रतिसाद २

हे ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. मुलाखतीत समोरचा माणूस माझ्या स्वीकारासाठी थांबत नाही. मला न अडता बोलायचं आहे आणि त्यासाठी मी रोज सराव करते. तसं वाटणं म्हणजे स्वतःचा द्वेष करणं, असं हल्ली सुचवलं जातं, त्याचा त्रास होतो. ज्यांचं तोतरेपण सौम्य आहे किंवा ज्यांचं बस्तान बसलेलं आहे, त्यांना स्वीकार सोपा जातो.

प्रतिसाद ३ (पहिल्या प्रतिसादकाकडून)

तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे, आणि सराव सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. मात्र ‘बरं करण्याचा’ इतिहासही पाहा. 1841 मध्ये डीफेनबाख नावाच्या जर्मन शल्यविशारदाने तोतरेपणा घालवायला लोकांच्या जिभेवर शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या भूल देण्याची सोय येण्याआधीच्या काळात. याउलट चार्ल्स व्हॅन रायपर हे अमेरिकन वाचा-उपचारतज्ज्ञ. तेही तोतरं बोलत. त्यांनी शिकवलं की अडायचंच आहे तर कमी जोर लावून, सहज अडा. मुद्दामही अडून बघा, म्हणजे भीती उतरते. यात सराव भरपूर आहे आणि स्वीकारही. म्हणून ‘उपचार की स्वीकार’ असं भांडण लावणं मला चुकीचं वाटतं.

मुलाखतीचा तुमचा मुद्दा मात्र मला व्याकरणाकडे नेतो. ‘स्वीकारणे’ या क्रियापदाचा कर्ता कोण? सगळ्या चर्चेत कर्ता बोलणाराच. त्याने स्वीकारायचं, त्यानेच धीट व्हायचं. ज्याने वाक्य मध्येच तोडलं, जो शब्द पुरवून मोकळा झाला, त्याच्याकडे हे क्रियापद कधी वळतच नाही. प्रौढांपैकी साधारण 1 टक्का माणसं तोतरं बोलतात. उरलेल्या 99 टक्क्यांनी दोन-चार सेकंद थांबायला शिकणं हाही स्वीकारच, आणि मला तो आधी हवा आहे. तो आला की तुमच्या सरावामागची धास्ती आपोआप कमी होईल.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. मग चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत कर्ता मीच, असं समजते. पण थांबून बघू की कोणाला दाखवू? आणि नाव घेतल्याने वाढतं, हे सासूबाईंचं म्हणणं?

प्रतिसाद ४ (पहिल्या प्रतिसादकाकडून)

दाखवा. तोतरेपणा बहुतेक वेळा दोन ते पाच या वयात सुरू होतो आणि बहुसंख्य मुलांचा पुढे जातो. मुलींचा जास्त प्रमाणात जातो. घराण्यात कोणाचा मोठेपणीही राहिला असेल तर राहण्याची शक्यता वाढते. तुमच्याकडे महिने उलटलेत आणि तो जोर लावतोय, तेव्हा वाचा-उपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. नक्कल केल्याने किंवा घाबरल्याने तोतरेपणा लागतो, या समजुतीला आधार नाही.

सासूबाईंच्या भीतीला मात्र थोडा इतिहास आहे. 1939 मध्ये अमेरिकेत आयोवा इथे अनाथाश्रमातल्या मुलांवर एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही ‘तुझं बोलणं बिघडलंय, अडायचं नाही’ असं सतत सांगितलं गेलं, आणि ती बोलायला बिचकू लागली. हा प्रयोग आयोवा विद्यापीठाचा होता, आणि 2001 मध्ये त्या विद्यापीठाने माफी मागितली. तिथे मुलांना बिचकवलं ते सततच्या टोकण्याने. नुसतं नाव घेणं वेगळं.

घरात ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘पुन्हा नीट सांग’ बंद करा. त्याऐवजी तुम्हीच सावकाश बोला आणि त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्या. ‘माझा शब्द का अडतो?’ असं त्याने विचारलं तर विषय बदलू नका. ‘अडला खरा, पण तू काय म्हणालास ते मला कळलं’, एवढं म्हणून तो जे सांगत होता त्यावर बोला. सासूबाईंनाही हेच वाक्य शिकवा. त्यांना ‘तोतरा’ हा शब्द उच्चारायचा नसेल तर नको उच्चारू दे.