मदत हवी आहे: ७८ आरपीएमच्या लाखेच्या रेकॉर्डसाठी सुई कुठली घ्यावी?

मंडळी, नात्यातल्या एका संग्रहातला लाखेच्या रेकॉर्डचा खोका माझ्याकडे आलाय. बहुतेक एचएमव्ही कंपनीच्या, काही ओडियनच्या, थोड्या यंग इंडियाच्या. बालगंधर्वांची नाट्यपदं, हिराबाई बडोदेकर, जी. एन. जोशींची भावगीतं असा ऐवज आहे. नीट ऐकायच्या आहेत आणि जमलं तर संगणकावर उतरवून घरच्यांना द्यायच्या आहेत.

टर्नटेबल ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स. त्यात ७८चा वेग आहे. सोबत आलेली व्हीएम९५ई ही हिरवी सुई एलपीसाठी, म्हणजे नंतरच्या ३३ आरपीएमच्या रेकॉर्डसाठी असते एवढं वाचून कळलं. आमच्याकडच्या एका दुकानदाराचं मत, "सुई ती सुई, वेग बदला, वाजेल." त्याने स्वतःच्या मशीनवर एलपीच्याच सुईने एक रेकॉर्ड लावून दाखवली. वाजली, पण खरखर पुढे आणि गाणं मागे, आणि तान वर गेली की आवाज फाटायचा. याउलट एका संग्राहकांनी फोनवर अडीच मिल, तीन मिल, साडेतीन मिल, ट्रंकेटेड वगैरे यादीच वाचून दाखवली. तेवढ्या सुया परदेशातून मागवायच्या तर खिशाला परवडणार नाही, वर कस्टमचा खर्च वेगळा.

तर एकच घ्यायची झाली तर कुठली? आकाराने खरंच एवढा फरक पडतो का? शिवाय घरात चावीचा फोनो आहे, पितळी भोंग्याचा. पिनांची डबीही आहे. त्याच्यावर वाजवायला हरकत आहे का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

दुकानदाराचं ऐकू नका. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) त्रिज्येचं, म्हणजे १८ मायक्रॉनच्या आसपास. ७८ला सर्वसाधारणपणे ३ मिल लागतं, ७६ मायक्रॉन. चौपटीहून जास्त फरक झाला. बारीक सुई खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकतच नाही, तळाशी जाऊन लोळते. तळात काय असतं, तर वर्षानुवर्षांची धूळ आणि जुन्या पिनांचा कीस. तुम्ही ऐकलीत ती खरखर बरीचशी तिथली. त्यात लाखेच्या मिश्रणात दगडाची पूड असते, म्हणजे तुमची एलपीची महागडी सुईही झिजणार.

तुमच्या मशीनला सोपा उपाय आहे. कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, बदलायचं नाही, फक्त सुई बदलायची. व्हीएम९५ मालिकेतल्या सुया एकमेकींच्या जागी बसतात आणि त्यात ७८साठी एसपी नावाची ३ मिलची गोल टोकाची सुई मिळते. हिरवी ओढून काढायची, ही सरकवायची. सुईचा भार मात्र एलपीचाच ठेवू नका, सुईच्या कागदावर असेल तोच ठेवा. एक छोटा डिजिटल काटा घ्या, टोनआर्मवरच्या (सुई धरणाऱ्या दांड्यावरच्या) आकड्यांवर विसंबू नका. आधी ही एकच सुई घ्या आणि अख्खा खोका ऐका. बाकी यादी नंतर.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण त्या संग्राहकांनाही उगाच वेड्यात काढू नका. अडीच आणि साडेतीनचा खटाटोप झिजलेल्या रेकॉर्डसाठी असतो. स्टीलच्या पिनेने खाचेच्या भिंतीवर एका ठरावीक उंचीवर चर पडलेला असतो. ३ मिलची सुई नेमकी त्याच उंचीवर टेकली तर झीजच ऐकू येते. थोडी जाड सुई वर टेकते, थोडी बारीक खाली, आणि तिथली भिंत कदाचित कोरी असते. ट्रंकेटेड म्हणजे टोक छाटलेली, तळाला लागू नये म्हणून. ठोकताळा सांगायचा तर १९२५च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन मुद्रित केलेल्या रेकॉर्डना जाड सुई बरी पडते आणि चाळीस-पन्नासच्या दशकातल्यांना अडीचच्या जवळपासची. पण ठोकताळाच तो, शेवटी कान ठरवतो.

रेकॉर्ड खिडकीपाशी तिरकी धरून बघा. चांगली असेल तर खाचा काळ्याभोर चमकतात. झिजलेली असेल तर करडे पट्टे दिसतात, आणि बहुधा आवाज चढतो तिथे किंवा लेबलाजवळच्या शेवटच्या इंचात. असे पट्टे दोन-चार रेकॉर्डवरच असतील तर जादा सुईचा खर्च करण्यात अर्थ नाही.

दुसरं, मोनो. माझ्या मते सुईनंतर सर्वात जास्त फरक यानेच पडतो आणि पैसा लागत नाही. ७८ची खाच आडवी हलते, त्यामुळे दोन्ही भिंतींवर गाणं एकच असतं. उभ्या हालचालीतून येते ती नुसती खरखर. स्टिरिओ कार्ट्रिजचे डावा-उजवा एकत्र केले की उभा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. ऑडॅसिटीत (संगणकावर आवाज उतरवायचं सॉफ्टवेअर) स्टिरिओच घ्या, मग मोनो करा. कधी एकच भिंत खराब असते, तेव्हा दुसरीच बाजू ठेवता येते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. खिडकीचा प्रयोग लगेच केला. भावगीतं काळीभोर आहेत, नाट्यपदांच्या काहींवर मात्र पट्टे आहेत, त्याही पदाच्या शेवटाकडे. ऐकणाऱ्यांनी घासून घासून ऐकलेलं दिसतंय! एसपी सुई मागवतो.

दोन शंका. एका मित्राने उतरवलेल्या ७८ ऐकल्या, त्या फारच दबलेल्या वाटल्या, कानावर गोधडी घेतल्यासारख्या. तो सुईचाच दोष का? आणि रेकॉर्डवर बुरशीचे ठिपके आहेत, ते स्पिरिटने पुसू का?

प्रतिसाद

स्पिरिट अजिबात नको!! लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, रेकॉर्डचा पृष्ठभाग जाईल. एलपीसाठी मिळणाऱ्या द्रवांतही बऱ्याचदा अल्कोहोल असतं, बाटली वाचून घ्या. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन कोरड्या सुती फडक्याने टिपायचं. भिजत ठेवायची नाही. लेबलला पाणी लागू देऊ नका, आणि तडा गेलेली असेल तर धुऊच नका.

दबलेला आवाज सुईचा नाही. फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणारा भाग, आरआयएए या अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या प्रमाणाने आवाज दुरुस्त करतो, ते प्रमाण १९५४चं. एलपी मुद्रित करताना उंच सुरांचा आवाज उचललेला असतो, म्हणून वाजवताना तो बराच कमी केला जातो. जुन्या एचएमव्हीत तो मुळात उचललेलाच नसायचा, मग मेंडोलिनची किणकिण आणि 'स'चा सीत्कार गायब होणार. ऑडॅसिटीच्या इक्वलायझरमध्ये जुन्या प्रमाणांचे साचे लावता येतात, त्यातला जवळचा लावा. वेगाचंही तेच, सगळ्या ७८ नेमक्या ७८वर मुद्रित झालेल्या नसतात, जुन्या तर बऱ्याच इकडे-तिकडे. हार्मोनिअम जवळ असेल तर साथीच्या पेटीचा सूर लावून बघा. दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकला असेल तर पिचची कळ थोडी सरकवा. मात्र त्या काळच्या पेट्या आजच्यासारख्या लावलेल्या असतीलच असं नाही, म्हणून गळा नैसर्गिक वाटतो का तेही ऐका.

चावीच्या फोनोबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. त्याचा साउंडबॉक्स (पिन बसवायची गोल डबी) शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो, तुमची नवी सुई मोजक्या ग्रॅमांचा. शिवाय एक पिन रेकॉर्डची एकच बाजू वाजवायला, तीही एकदाच वापरायची असते, दगडाची पूड तिला खाचेच्या मापाची घासते आणि दुसऱ्यांदा लावली की तीच पिन खाच कापते. डबीतल्या पिना वापरलेल्या असतील तर फेकून द्या. हौस म्हणून वाजवायचाच असेल तर पट्टेवाल्या रेकॉर्डपैकी एखादी घ्या, तीही आधी संगणकावर उतरवून झाल्यावर. यंग इंडियाच्या सगळ्या बाजूला ठेवा, त्या पुन्हा मिळणं कठीण.