पिपची असेसमेंट: "चाललंय की" म्हणू नका

नमस्कार मंडळी,
सौ.ला संधिवात आहे, वय ५२. पिपचा (आजारपणामुळे रोजची कामं अडणाऱ्यांना मिळणारा इथला सरकारी भत्ता, Personal Independence Payment) फॉर्म भरून पाठवला, आता पुढच्या आठवड्यात असेसमेंटचा फोन येणार आहे. मला धास्ती वेगळीच. कोणीही विचारलं की ही म्हणते, "चाललंय की!" डॉक्टरांनाही तेच. मी शेजारी बसलो तर चालतं का?
— लेस्टरहून

दादा, बसा की. मध्ये बोललात तरी चालतं. दुभाषा हवा असेल तर आधी कळवा.

आजाराच्या नावाला पॉइंट नसतात. रोजच्या जगण्याची दहा कामं, हिंडण्याफिरण्याची दोन. त्यांत काय अडतं त्याचे पॉइंट. एका भागात ८ झाले की स्टँडर्ड रेट म्हणजे साधा भत्ता, १२ झाले की एनहान्स्ड म्हणजे वाढीव.

"स्वयंपाक करता का?" इथे आपल्या बायका हमखास फसतात. जन्मभर केलेला, "हो" पटकन निघतं. विचारणाऱ्यांना पुरणावरणाचं काही घेणंदेणं नाही. एका माणसाचं साधं जेवण, ताजी भाजी चिरून, शेगडीवर. पण सुरक्षितपणे, नीट, लागेल तितक्या वेळा आणि धडधाकट माणसाच्या दुपटीहून जास्त वेळ न घेता. यातलं एक जरी जमत नसेल, तर ते काम जमत नाही असंच धरायला हवं. सकाळी बोटं आखडलेली असताना कांदा कोण चिरतं, भरलेलं पातेलं कोण उतरवतं, हे वहिनींनाच सांगू द्या. निम्म्याहून जास्त दिवस तसं असतं का, तेही. नुसत्या मायक्रोवेव्हवर भागत असेल तर त्याचेही २ पॉइंट आहेत.

निर्णय असेसरचा (फोनवर प्रश्न विचारणाऱ्याचा) नसतो, डीडब्ल्यूपीचा म्हणजे भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याचा असतो. असेसरच्या रिपोर्टची प्रत मागून घ्या. नकार आला तर महिन्याच्या आत मँडेटरी रिकन्सिडरेशन म्हणजे निर्णयाचा फेरविचार मागायचा, त्यानंतर ट्रायब्युनलकडे अपील. पहिल्या नकाराला हात टेकू नका.
— क्रॉयडनहून

ताई, आभार. कांदा मीच चिरतो, आणि हे लोकांना सांगायचं नाही असा घरचा हुकूम आहे! वडील ७८ चे, त्यांनाही हाच फॉर्म का?

नाही. पेन्शनचं वय उलटल्यावर नव्याने अर्ज करायचा तर अटेंडन्स अलाउन्सचा, म्हणजे मदतीची गरज असलेल्या वयस्करांच्या भत्त्याचा. त्यात बहुतेकदा असेसमेंट नसते, पण चालण्याचा त्रास स्वतंत्रपणे मोजत नाहीत. मदतीची गरज सहा महिन्यांपासून असावी लागते. आधी त्यांचा व्हिसा बघा मात्र. त्यावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत अशी अट) असेल तर सल्ला घेतल्याशिवाय अर्ज करू नका, व्हिसाच अडचणीत येईल.